दामिनी, सईदा आणि आमची दुपार

प्रतीक्षा लोणकर हे नाव आमच्या घरात बरीच वर्षं कुणाला ठाऊकच नव्हतं. ठाऊक होती ती दामिनी. "आज दामिनी दमलेली दिसते," असं अम्मी म्हणायची तेव्हा ते मालिकेतल्या पात्राबद्दल आहे की त्या पात्राच्या मागच्या बाईबद्दल, हा प्रश्न तिला पडत नसे. मला वाटतं, रोजच्या मालिकेत काम करणाऱ्या नटीच्या वाट्याला येणारं हे सर्वांत मोठं कौतुक आहे आणि सर्वांत मोठा अन्यायही तोच. माणसं तुम्हाला घरातलं समजतात आणि तुमचं नाव विसरतात.

'दामिनी' १९९७ च्या सुमारास दूरदर्शनवर सुरू झाली. मराठीतली ती पहिली दैनंदिन मालिका. निर्मिती कांचन अधिकारींची, आणि मुख्य भूमिकेत प्रतीक्षा लोणकर. तोपर्यंत मराठी मालिका म्हणजे आठवड्यातून एकदा. तेरा भाग झाले की संपली. आठवडाभर माणूस ती विसरून जायचा आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला मागचं दाखवलं की त्याला परत आठवायची. 'दामिनी' मात्र रोज दुपारी यायची, आणि रोज येणाऱ्या माणसाला पाहुणा म्हणत नाहीत. हिंदीत असा प्रयोग दूरदर्शननेच आधी करून पाहिला होता. १९९४ मध्ये मंदिरा बेदीची 'शांती' आली, मग 'स्वाभिमान'. एक गोष्ट मला नेहमी मजेची वाटते. शांती काय किंवा दामिनी काय, दुपारच्या या दोन्ही नायिका लेखणी चालवणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या होत्या. दामिनी तर सरळ पत्रकार. ज्या वेळेला टीव्हीसमोर फक्त बायका आणि म्हातारी माणसं असतात असं जाहिरातवाले धरून चालायचे, त्या वेळेला पडद्यावर बाई काय करायची, तर बाहेर जाऊन लोकांना अडचणीत आणायची. पुढे २००० साली रात्रीच्या हिंदी मालिकांची लाट आली, नायिका स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये फिरू लागली, आणि तिच्या पगाराचा विषय कथेतून निघूनच गेला. दुपारची बाई रात्रीच्या बाईपेक्षा पुढारलेली होती, हे आता सांगितलं तर नव्या मुलींना खरं वाटत नाही.

दुपारच्या कामाला मान नसतो, ही गोष्ट मात्र जगभर सारखी. अमेरिकेत १९३० च्या दशकात रेडिओवर दुपारच्या कौटुंबिक श्रुतिका सुरू झाल्या, त्यांना पैसे द्यायच्या साबणाच्या कंपन्या, म्हणून नाव पडलं 'सोप'. त्यातली 'गाइडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, मग टीव्हीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. सुझन लुची नावाची नटी 'ऑल माय चिल्ड्रन' या दुपारच्या मालिकेत १९७० पासून २०११ पर्यंत एकच पात्र करत होती. एमी पुरस्कारासाठी तिचं नाव अठरा वेळा आलं आणि अठराही वेळा तिला हात हलवत परतावं लागलं. एकोणिसाव्या वेळी, १९९९ साली, तिला तो मिळाला तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. एकेचाळीस वर्षं एकच बाई! आपल्याकडे तर एखादी नटी तीन वर्षं एक भूमिका करते तेव्हाच लोक म्हणतात, हिला दुसरं काही येत नसेल.

प्रतीक्षा लोणकरांना दुसरं येत होतं. बरंच येत होतं. त्या औरंगाबादच्या 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून आलेल्या. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही त्याच गटातली मंडळी, मराठवाड्यातून एकत्र मुंबईत आलेली. प्रशांत दळवी त्यांचे नवरे. दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी बसवलेलं 'चारचौघी' १९९१ मध्ये रंगभूमीवर आलं, तेव्हा दीपा श्रीराम, वंदना गुप्ते, आसावरी जोशी आणि प्रतीक्षा लोणकर अशा त्या चौघी होत्या. एक आई आणि तीन मुली. लग्न, नवरा, मूल, स्वतःचा हक्क यांबद्दल त्या घरात जे बोललं जातं, ते त्या काळात लोकांना पचायला जड गेलं आणि तरी लोक तिकिटं काढत राहिले. २०२२ मध्ये ते नाटक नव्या संचात परत आलं, तेव्हाही ते जुनं वाटलं नाही. आपल्या समाजाबद्दल याचा जो अर्थ निघतो तो फारसा चांगला नाही, पण ते असो.

तर अशा नाटकातून आलेली नटी रोजच्या मालिकेत उभी राहिली. नाटकात महिनाभर तालीम, मग एकच संहिता शेकडो वेळा. मालिकेत तालीम नाही. सकाळी सीनचे कागद हातात येतात, कधी शाई ओली असताना. मेकअप होता होता पाठ करायचं, दोन-तीनदा म्हणून बघायचं, टेक. दिवसाला एक भाग तरी निघालाच पाहिजे, कारण उद्या दुपारी तो दाखवायचा नसला तरी परवा दाखवायचाय. दूरदर्शनच्या त्या व्यवस्थेत निर्मात्याने वेळेचे पैसे भरायचे आणि जाहिराती स्वतः आणायच्या. म्हणजे एक दिवस वाया गेला तर नुकसान थेट घरचं. रात्री नाटकाचा प्रयोग असेल तर बोरिवलीचं प्रबोधनकार नाहीतर मुलुंडचं कालिदास गाठायचं. मराठी नट-नट्यांच्या दोन पिढ्या हे उपनगरांच्या मधलं धावणं करत जगल्या आहेत. नाटकाच्या परीक्षणात त्यांच्याबद्दल दोन ओळी तरी येतात. दुपारच्या मालिकेचं परीक्षण कोण लिहिणार? परीक्षक त्या वेळी ऑफिसात असतात.

परीक्षण आमच्या चाळीत व्हायचं. ते कसं, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आम्ही अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी राहायचो. तो काळ्या दगडाचा सुळका ज्यांनी पाहिला असेल त्यांना गावदेवी डोंगरीच्या गल्ल्या आठवतील. कोट्यवधी वर्षांचा बेसाल्ट आहे म्हणे तो. आमच्यासाठी तो पतंग अडकायची जागा होता. आमचं मूळ गाव खेड तालुक्यात, घरात कोकणी बोलायची आणि शाळा मराठी. अम्मी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. उर्दू तिला कुराणासोबत जेवढी आली तेवढीच. अब्बा कुवैतला होते. १९९० साली तिथे युद्ध झालं आणि ते अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. टीव्ही मात्र त्याच्या आदल्या सुट्टीत आणलेला होता, मोठा, परदेशी, रंगीत. गल्लीतला सर्वांत मोठा पडदा आमचा. पुढे अब्बा दम्मामला गेले. टीव्ही तोच राहिला.

आमच्या मोठ्या पडद्यावर शेजारपाजार 'महाभारत' बघायला यायचा. रविवारी सकाळी अम्मी चटया टाकायची, शेजारच्या काकू चहा करून आणायच्या, आणि मुलं इतकी की दार लावता यायचं नाही. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ आला. जोगेश्वरी आमच्यापासून एक स्टेशन पुढे. तिथल्या राधाबाई चाळीत माणसं घरात कोंडून जाळली गेली. ती हिंदू होती. आणि मुसलमानांच्या वस्त्यांत मुंबईभर काय झालं ते श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात पानोपानी लिहिलेलं आहे. आमच्या चाळीत काही झालं नाही. कुणी कुणाला मारलं नाही. कुणी कुणाला वाचवलंही नाही, तशी वेळच आली नाही. फक्त दारं लागली. कर्फ्यू उठला तरी ती लागलेलीच राहिली. नळावर "पाणी आलं का" एवढंच बोलणं. आमचे दोन नातेवाईक मुंब्र्याला गेले, एक मीरा रोडला. आम्हीही जाणार होतो, पण पागडीचा हिशेब जमेना आणि आम्ही तिथेच राहिलो. राहण्यामागे काही मोठी निष्ठा वगैरे नव्हती, पैसे नव्हते.

चार-पाच वर्षं असं चाललं. मग 'दामिनी' आली.

काकूंच्या घरी टीव्ही होता, छोटा, काळा-पांढरा. चित्र पळायचं. एका दुपारी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात वाटी. "साखर आहे का थोडी?" साखर दिली. त्या गेल्या नाहीत. आत टीव्ही चालू होता. उंबऱ्यात उभ्या राहूनच त्यांनी तो भाग पाहिला आणि साखर घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी वाटी परत द्यायला आल्या, त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी अम्मीने काही न बोलता पाट पुढे सरकवला. त्यानंतर साखरेचा विषय निघाला नाही.

जोहरची नमाज आणि संध्याकाळचा स्वयंपाक यांच्या मधला तो वेळ. अम्मी तांदूळ निवडायची, काकू शेंगा सोलायच्या. मी शाळेतून येऊन दप्तर टाकून त्यांच्या मागे बसायचे. दोघींची टीकाटिप्पणी सतत चालू. "हिचा नवरा समजून घेत नाही." "समजून घेणारा नवरा कधी बघितलाय का तुम्ही?" मग दोघी हसायच्या. अम्मीचं एक वाक्य मला पाठ आहे, कारण ती ते दर आठवड्याला म्हणायची, कोकणीतून, काकूंकडे न बघता : "ही रडत नाय." अम्मीच्या लेखी दामिनीचा मोठेपणा एवढ्यात होता. जिच्यावर प्रसंग येतात आणि तरी जी डोळे कोरडे ठेवून समोरच्याला प्रश्न विचारते. प्रतीक्षा लोणकरांच्या अभिनयाबद्दल मी पुढे जे वाचलं त्यात "संयत" हा शब्द यायचा. अम्मीने तो शब्द न वापरता तेच सांगितलं होतं.

१९९७ च्या अखेरीस रमजान आला. रमजानात आमच्याकडे टीव्हीवर चादर पडायची, महिनाभर. फुफी म्हणायची, ती चादर बाराही महिने राहिली तर बरं. तिच्या मते टीव्ही म्हणजे सैतानाचा डबा होता, आणि तो डबा ती स्वतः येई तेव्हा नेमका उघडा असे, यात सैतानाचाच हात असणार. चादर पडली तशी काकूंची पंचाईत झाली. त्या त्यांच्या पळत्या चित्राच्या टीव्हीकडे परतल्या. पण रोज संध्याकाळी, आमचा इफ्तार झाला की, त्या यायच्या आणि त्या दिवशीचा भाग अम्मीला सांगायच्या. सगळा. कोण कुणाला काय म्हणालं, दामिनीने काय उत्तर दिलं, मध्ये कुठली जाहिरात आली. अम्मी भांडी घासत ऐकायची. रोज्याच्या थकव्यात ती कधी पेंगायची, तर काकू थांबायच्या आणि जरा मोठ्याने पुन्हा सुरू करायच्या. टीव्ही बघायचा नव्हता, ऐकायला कोणी मनाई केलेली नव्हती. ईदला काकूंच्या घरी शीरखुर्म्याचा डबा गेला. पाच वर्षांत पहिल्यांदा. त्या दोघींनी १९९३ बद्दल कधी एकही वाक्य उच्चारलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

हे 'दामिनी'ने केलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. शेजार असाच सांधला जातो, निमित्त काही का असेना. पण निमित्त रोज, त्याच वेळी, सुट्टी न घेता लागतं. साप्ताहिक मालिकेने हे झालं नसतं, आणि रात्रीच्या मालिकेने मुळीच नाही, कारण रात्री घरात पुरुष असतात आणि प्रत्येक घर आपापला टीव्ही लावतं. अंधेरीच्या एका गल्लीत दोन बायकांना पाच वर्षांनंतर एका चटईवर बसायला जागा मिळाली, ती एक नटी रोज सकाळी उठून बारा तासांच्या कामावर गेली म्हणून. तिला याची कल्पना असण्याचं कारण नाही.

आता एक गोष्ट, जी तेव्हा मला खुपली नाही. आम्ही रोज जी मराठी घरं पडद्यावर पाहत होतो, त्यांत आमच्यासारखं घर कधी नव्हतं. मी हे दामिनीपुरतं म्हणत नाही. तेव्हाच्या आणि नंतरच्याही मराठी मालिकांचा हा सर्वसाधारण रिवाज आहे. मुंबईत घडणारी कथा, चाळ, वाडा, फ्लॅट, सोसायटी, पण शेजारी शेख किंवा मुकादम नाहीत. असलेच तर ईदच्या भागापुरते, किंवा गॅरेजवाले चाचा. हिंदीत १९९८ साली सोनीवर 'हिना' आली. मुसलमान घराची कथा, सिमोन सिंगची मुख्य भूमिका. अम्मीने मोठ्या आशेने लावली. तिथल्या बायका शरारे घालून जिना उतरत होत्या आणि नाजूक उर्दूत बोलत होत्या. दोन भाग पाहून अम्मी म्हणाली, "आपल्यात कोण असं बोलतं?" काकू म्हणाल्या, "आमच्यात पण कुणी हिरेजडित साड्या नेसून भाकऱ्या नाही भाजत." म्हणजे खोटेपणा सर्वांना समान वाटला होता, एवढंच. फरक असा की काकूंना दहा मालिकांत दहा खोटी घरं मिळत होती, त्यातलं एखादं चुकून खरंही निघायचं. आम्हाला एकच मिळालं, ते लखनौचं.

मग २००५ चा ऑगस्ट. 'इक्बाल' लागला. नागेश कुकुनूरचा सिनेमा, ऐकू-बोलू न शकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या मुलाला क्रिकेटपटू व्हायचंय. श्रेयस तळपदे, तोही मराठी मालिकांतून वर आलेला. नसीरुद्दीन शाह दारुड्या प्रशिक्षकाच्या भूमिकेत, त्यासाठी त्यांना पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बाप अन्वर म्हणजे यतीन कार्येकर, धाकटी बहीण खदिजा म्हणजे श्वेता प्रसाद. आणि आई सईदा.

मी तेव्हा नोकरीला लागले होते. पहिल्या पगारात अम्मीला अंधेरीच्या थिएटरात नेलं. सईदा पडद्यावर आली आणि अंधारात अम्मीने माझा दंड धरला. "दामिनी!" पुढच्या रांगेतल्या माणसाने वळून पाहिलं. थोड्या वेळाने, अगदी हळू : "ही आपल्यातली होती?"

नव्हती, अर्थात. पण अम्मीला असं वाटावं यातच त्या कामाचं मोल आहे. सईदा ही मुसलमान आई आहे हे सांगण्यासाठी सिनेमा काही वेगळं करत नाही. शरारा नाही, आदाब नाही, तसबीह घेऊन खिडकीशी रडणं नाही. ती एका शेतकऱ्याची बायको आहे. तिला क्रिकेटचं वेड आहे. नवऱ्याला मुलाने शेतीच करावी असं वाटतं, आणि ती मुलगा व बाप यांच्या मध्ये उभी आहे, जशा सगळ्या आया असतात. त्या घरात नावं मुसलमान आहेत आणि प्रश्न शेतीचा, कर्जाचा आणि क्रिकेटचा आहे. आमच्या खेडच्या घरात नेमकं हेच होतं, क्रिकेटच्या जागी फक्त गल्फचा व्हिसा. प्रतीक्षा लोणकरांनी सईदाला जो आवाज दिला तो कुठल्या जमातीचा नव्हता. मुलाच्या बाजूने बोलायचंय पण नवऱ्याचा अपमान होऊ द्यायचा नाही, अशा कात्रीतल्या बाईचा तो आवाज होता. मला खात्री आहे की तो त्यांनी दुपारच्या शेकडो भागांत कमावला होता. रोज घराघरांत जाणाऱ्या नटीला मोठ्याने बोलून चालत नाही. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्या बाईलाही कळलं पाहिजे आणि पाळण्यातलं मूलही उठलं नाही पाहिजे.

लोणकरांनी त्याआधी 'भेट' केला होता, कुकुनूरबरोबर पुढे 'डोर'ही केला. त्यांच्या कारकिर्दीचा हिशेब मांडणारे नाटक आणि सिनेमे मोजतात, मालिका शेवटी एका ओळीत. मी उलटं मोजते. माझ्या मते दामिनी नसती तर सईदा इतकी सहज झाली नसती.

पण अम्मीच्या त्या प्रश्नाने माझ्या डोक्यात दुसरा प्रश्न सोडला, आणि तो गेली कित्येक वर्षं गेलेला नाही. दामिनीची सईदा होते. ते सुंदर आहे. सईदाची दामिनी होते का?

माझ्या खालेची मुलगी घाटकोपरला राहते. नाव मी लिहीत नाही, तिला उद्या काम मागायचं असतं. मराठी माध्यमात शिकली, कॉलेजात असताना एकांकिका केल्या, बक्षिसं मिळवली. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. गेली सहा-सात वर्षं ती मालिकांत कामं करते. कामं म्हणजे दोन दिवस, पाच दिवस, फार तर एक 'ट्रॅक'. सकाळी मेट्रोने वर्सोवा, तिथून आराम नगर. ज्यांनी आराम नगर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी : बैठ्या घरांच्या रांगा, प्रत्येक दारावर ऑडिशनचे कागद चिकटवलेले, आणि दारांबाहेर सारख्या कपड्यांतल्या मुली ओठांतल्या ओठांत तेच चार संवाद पुटपुटत. 'आई, वय ३५ ते ४५, साडी' असं लिहिलेलं असेल तर पंचवीस आया रांगेत. शूटिंग कधी गोरेगावच्या फिल्मसिटीत, कधी मढला. मढला जायचं तर वर्सोव्याच्या जेटीवरून बोट. बारा तासांची शिफ्ट, दिवसाप्रमाणे पैसे, त्यातून कोऑर्डिनेटरचा वाटा, आणि उरलेले नव्वद दिवसांनी. ही नव्वद दिवसांची प्रथा कुणी काढली माहीत नाही, किराणावाला ती मानत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मराठी मालिकेसाठी ती शेवटच्या दोघींत होती. मोठी भूमिका, नायिकेची थोरली बहीण, शाळेत शिक्षिका. ऑडिशन झाली, लुक टेस्ट झाली. नथ, पैठणी, चंद्रकोर. फोटो इतका छान आला की तिने तो खालाला पाठवला आणि खालाने आम्हा सर्वांना. मग तिला सांगण्यात आलं की काम आवडलंय, फक्त श्रेयनामावलीत आणि प्रसिद्धीत नाव जरा वेगळं लावता येईल का, प्रेक्षकांना आपलेपणा वाटेल असं. हे सांगणारी व्यक्ती वाईट नव्हती. तिनेच चहा मागवला. तिने दिलीपकुमारांचं उदाहरण दिलं, मीनाकुमारीचं दिलं, मधुबालेचं दिलं. युसूफ, महजबीन, मुमताज. "यात कमीपणा काही नाही," असंही म्हणाली. माझ्या बहिणीने विचार करायला एक दिवस मागितला.

तो एक दिवस घरात फार लांबला. खालू म्हणाले, नाव बदलायचं तर घरी येऊ नकोस, आणि मग तासाभराने म्हणाले, जेवलीस का? खाला म्हणाली, दिलीपकुमारचा काळ वेगळा होता, तेव्हा सगळेच बदलायचे. अम्मीला फोन आला. अम्मीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पात्राचं नाव काय आहे?" पात्राचं नाव मराठमोळं हिंदू होतं. "मग ते लोक तिला त्याच नावाने ओळखणार ना? आम्ही दामिनीला दामिनीच म्हणत होतो. खालचं बारीक नाव कोण वाचतं?"

यावर माझ्या बहिणीने जे म्हटलं ते मला महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "कुणी वाचत नसेल तर त्यांनाच का खुपतं?"

तिने नाव बदलायला नकार दिला. भूमिका दुसरीला गेली. ती त्यामुळेच गेली असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण दुसरी मुलगीही चांगली होती. मी ती मालिका पाहिली, चांगलं काम करते. या धंद्यात नकाराचं कारण कधी कुणाला लेखी मिळत नाही. उंची, रंग, वय, आवाज, नायकाच्या शेजारी कशी दिसते, काहीही असू शकतं. त्यामुळे माझी बहीण त्याबद्दल बोलत नाही. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा आराम नगरला रांगेत होती.

मी मात्र हिशेब करत बसते. प्रतीक्षा लोणकर सईदा झाल्या तेव्हा कुणी त्यांना पोस्टरवर वेगळं नाव लावायला सांगितलं नाही, आणि सांगायला नकोच होतं. श्रेयस तळपदे इक्बाल झाला, यतीन कार्येकर अन्वर झाले. आम्ही थिएटरात बसून रडलो, आम्हाला आपलेपणा कमी पडला नाही. नटाचं कामच ते, दुसऱ्याच्या घरात शिरून तिथलं माणूस होणं. मग हे दार एकाच बाजूने उघडतं असं का? शाहीर अमर शेखांच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा पेटायच्या, तेव्हा त्या शेख नावाने कुणाचा आपलेपणा कमी झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. जो प्रेक्षक तेव्हा मैदानात बसला होता, त्याचीच नातवंडं आज टीव्हीसमोर आहेत. ती चिडतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून पाहावं. प्रेक्षक म्हणजे कोण? माझ्या डोळ्यासमोर तरी काकूच येतात, शेंगा सोलणाऱ्या. त्यांना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, रडत नाही ना? मग झालं.

काकू आता नाहीत. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. आम्ही जोगेश्वरीला आलो, काकूंची मुलं डोंबिवलीला गेली. अम्मी दुपारी आता काही बघत नाही, तिला रात्रीच्या मालिकांचे पुनःप्रसारित भाग दुपारी दाखवतात याचा राग आहे. "शिळं," म्हणते.

गेल्या महिन्यात बहिणीचा फोटो आला. तीन दिवसांचं काम मिळालंय, मढला. मालिकेतल्या घराच्या शेजारच्या काकू. साधी सुती साडी, हातात वाटी. साखर मागायला येते आणि नायिकेच्या सासूला गल्लीतली बातमी देते. श्रेयनामावलीत तिचं नाव येणार नाही, तीन दिवसांच्या कामाचं येत नाही, त्यामुळे यावेळी तो प्रश्नच उद्भवला नाही. अम्मीने फोटो मोठा करून पाहिला, चष्मा लावून. मग फोन करून विचारलं, पदर कुठल्या खांद्यावर घेतलास तो बरोबर आहे, पण वाटी इतकी घट्ट का धरली आहेस, रिकामी आहे ना ती?

पैसे नव्वद दिवसांनी.